अपराधजन्य भय आणि प्रतिष्ठा : ‘तुंबाड’ व ‘लपाछपी’ या चित्रपटांची मीमांसा

१

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात जे आठ रस गणले आहेत त्यांत भयानकाला शृंगार, वीर आणि करुण यांच्याच पंक्तीला बसविलेले आहे. त्याचा स्थायी भाव भय. आणि ओसाड घर, अरण्य, विकृत ध्वनी, भुताखेतांचे दर्शन इत्यादी त्याचे विभाव होत. शास्त्राने दिलेले हे पान व्यवहारात मात्र भयानकाला फार काळ वाढले गेले नाही. भयकथा ही आगगाडीत वाचून टाकून देण्याची वस्तू आणि भयपट हा रात्रीच्या शेवटच्या खेळाचा माल, असा समज आपल्या सुशिक्षित रसिकांत रूढ झाला. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी मराठी वाचकांच्या दोनतीन पिढ्यांची झोप उडविली. तरीही वाङ्मयविचारात त्यांचे नाव निघते ते बहुधा ओझरतेच. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथांना त्या मानाने अधिक आदर मिळाला. परंतु नाटककार म्हणून त्यांना लाभलेल्या मान्यतेचा त्यात काही वाटा नव्हता, असे म्हणवत नाही.

चित्रपटाच्या क्षेत्रात ही परिस्थिती गेल्या काही वर्षांत पालटली आहे. पाश्चात्त्य देशांत हा मान अगदीच नवा नव्हे. ‘रोझमेरीज बेबी’ (१९६८) मधील भूमिकेबद्दल रूथ गॉर्डन यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले होते, आणि ‘द एक्सॉर्सिस्ट’ (१९७३) या चित्रपटाला त्याच पारितोषिकांसाठी दहा नामांकने मिळाली होती. परंतु हे अपवाद होते. जेनिफर केंट यांचा ‘द बाबाडुक’ (२०१४), रॉबर्ट एगर्स यांचा ‘द विच’ (२०१५), जॉर्डन पील यांचा ‘गेट आउट’ (२०१७) आणि अॅरी अॅस्टर यांचा ‘हेरेडिटरी’ (२०१८) हे चित्रपट एकापाठोपाठ आले, आणि अपवादाची परंपरा झाली. ‘गेट आउट’ला मूळ पटकथेचे ऑस्कर मिळाले, २०२१ साली तर ज्यूलिया द्युकुर्नो यांच्या ‘तितान’ला कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान देण्यात आला. आपल्याकडे राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ने २०१८ साली व्हेनिस महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचे उद्घाटन केले. हा मान मिळविणारा तो पहिला भारतीय चित्रपट होय. त्याआधी एकच वर्ष, २०१७ मध्ये, विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला, आणि पुढे त्याच दिग्दर्शकाने ‘छोरी’ (२०२१) या नावाने त्याचे हिंदी रूपांतर केले.

या मान्यतेचा आनंद मानावयास हरकत नाही. परंतु समीक्षेचे काम आनंदाने संपत नाही. ही प्रतिष्ठा भयाला मिळाली की भयाला जोडलेल्या अर्थाला, आणि ती मिळविताना भयाला काय द्यावे लागले, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखात विचारावयाचे आहेत. हा विचार जालन्याच्या औद्योगिक वसाहतीच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी ज्याचे नाव ‘जालना एमआयडीसी’ आहे त्या परिसराच्या, दृष्टिकोनातून केला आहे. भय हे नेहमी कोठल्या तरी स्थळी राहते, आणि ते कोणत्या स्थळावरून पाहिले जाते यावर त्याची पारख पुष्कळ अंशी अवलंबून असते, हे त्याचे कारण होय.

२

भयानक रसाचे तीन प्रकार नाट्यशास्त्रात सांगितले आहेत : व्याजाने, म्हणजे बतावणीने, उत्पन्न होणारे भय, अपराधातून उत्पन्न होणारे भय, आणि वित्रासितक, म्हणजे भेडसावून उत्पन्न केलेले भय. हे वर्गीकरण संस्कृत नाटकासाठी केलेले असले तरी आपल्या भयपटाच्या इतिहासाला ते आश्चर्यकारक रीतीने लागू पडते.

रामसे बंधूंचे ‘दो गज ज़मीन के नीचे’ (१९७२), ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८) इत्यादी चित्रपट वित्रासितकाच्या वर्गात पडतात. त्यांत भेडसावणे हाच हेतू असतो आणि तो साधण्यासाठी लागणारी सामग्री, म्हणजे पडका वाडा, विक्राळ मुखवटा, एकाएकी उठणारा आवाज, ही सर्व उघड्यावर मांडलेली असते. मराठी चित्रपटाने दीर्घकाळ पहिला मार्ग पसंत केला. महेश कोठारे यांचे ‘झपाटलेला’ (१९९३) व ‘पछाडलेला’ (२००४) ही त्याची ठळक उदाहरणे होत. बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू मुलांना घाबरवतो खरा, परंतु हे भय हास्याच्या सोबतीने येते आणि त्याच्याच हाताला धरून निघून जाते. प्रेक्षकाला आपण भ्यायल्याचे नाटक करीत आहोत याची जाणीव असते. ही व्याजभीती होय, आणि तिच्यात काही गौण आहे असे समजण्याचे कारण नाही. लोककलेतील भुते बहुधा याच जातीची असतात.

आज ज्या भयपटांना समीक्षकांचा आदर मिळाला आहे ते जवळजवळ सर्व दुसऱ्या वर्गातील, म्हणजे अपराधजन्य भयाचे, आहेत, हे निरीक्षण महत्त्वाचे आहे. ‘द बाबाडुक’मधील राक्षस हा एका विधवा आईच्या मनातील, स्वतःच्या मुलाविषयीच्या अव्यक्त रोषाचा आकार आहे. ‘गेट आउट’मध्ये वर्णविद्वेषाचा अपराध आहे. ‘तुंबाड’मध्ये लोभाचा, आणि ‘लपाछपी’मध्ये स्त्रीजन्माच्या हत्येचा. भूत हे बाहेरून आलेले संकट राहत नाही. ते कोणाच्या तरी कृत्याचे फळ ठरते. नवा सुसंस्कृत प्रेक्षक भुतावर विश्वास ठेवीत नाही, परंतु अपराधावर ठेवतो. भयपटाने त्याच्या श्रद्धेचे स्थान ओळखले आणि आपले बिऱ्हाड तेथे हलविले. प्रतिष्ठेचे रहस्य मुख्यतः हे आहे.

येथेच एक धोकाही संभवतो. अपराध म्हटला की बोध आला. बोध हाती लागताच समीक्षक समाधान पावतो, आणि हा चित्रपट नुसता भयपट नाही, असे प्रशस्तिपत्र लिहून देतो. या प्रशस्तीत भयानकाचा गौरव नसून त्याच्यापासून सुटल्याचा निःश्वास आहे, हे त्याच्या ध्यानी येत नाही. चित्रपटाचा अर्थ भयाच्या द्वारे प्राप्त होतो, की भय ओलांडून गेल्यावर, ही कसोटी म्हणूनच लावली पाहिजे.

३

‘तुंबाड’चे उगम अनेक आहेत. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीची आठवण करून देते. रत्नागिरी जिल्ह्यातील हे गाव मराठी वाचकाला त्या कादंबरीमुळे परिचित झाले. कथेचे बीज मात्र धारपांच्या गोष्टींत आहे. चित्रपटातील म्हातारीचा भाग धारपांच्या ‘आजी’ या कथेशी नाते सांगतो, आणि ती कथा स्वतः अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या ‘ग्रामा’ (१९८४) या कथेवर बेतलेली आहे. एक भय अमेरिकेतून निघून पुण्यातील धारपांच्या लेखणीपर्यंत, आणि तेथून कोकणातील पडक्या वाड्यापर्यंत आले, हा प्रवास तुलनात्मक अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

या प्रवासात काय बदलले ते पाहू. मूळ प्रसंग साधा आहे : घरात एक लहान मुलगा आणि एक भयंकर म्हातारी, दोघांखेरीज तिसरे कोणी नाही. हे शुद्ध वित्रासितक होय. मुलाने कोणताही अपराध केलेला नाही. ‘तुंबाड’मध्ये १९१८ सालच्या पहिल्या प्रकरणात हाच प्रसंग येतो. साखळदंडाने बांधलेली शापित म्हातारी, जखमी धाकट्या भावाला घेऊन गेलेली विधवा आई, आणि वाड्यात एकटा राहिलेला विनायक. परंतु या विनायकाच्या मनात भयाबरोबरच दुसरी एक वृत्ती जागी आहे. त्याला खजिना हवा आहे. आई सर्व सोडून पुण्याची वाट धरते, पुन्हा इकडे फिरकणार नाही असे वचन त्याच्याकडून घेते, आणि मुलाचे मन मागेच ओढ घेत राहते. निरपराध बालकाच्या भयाचे अपराधी बालकाच्या भयात झालेले हे रूपांतर हीच बर्वे व त्यांच्या सहकाऱ्यांची खरी निर्मिती होय.

पुढे १९३३ मध्ये विनायक वचन मोडून परततो. म्हातारी अद्याप जिवंत आहे. तिच्या देहातून झाड उगवले आहे. तिला मरण देण्याच्या मोबदल्यात तो खजिन्याचे रहस्य मिळवितो. समृद्धीच्या देवीच्या उदरात हस्तर हा तिचा पहिला पुत्र कोंडलेला आहे. त्याने सोने घेतले, धान्यावरही हात घातला. इतर देवांनी त्याला नष्ट करावयास घेतले, तेव्हा मातेने त्याला वाचविले ते या अटीवर की त्याची पूजा कधी होणार नाही. ही देवकथा चित्रपटकर्त्यांनी रचलेली आहे; कोणत्याही पुराणात हस्तर नाही. परंतु पुराणांत त्याचे नाव का नाही याचेही उत्तर कथेनेच दिलेले असल्यामुळे तिचे बनावटपण जाणवत नाही. रचनेचे हे चातुर्य असामान्य आहे.

चित्रपटाची सर्व शक्ती यापुढील तपशिलात आहे. विनायक दोराने त्या उदरात उतरतो, पिठाचे वर्तुळ आखतो, कणकेची बाहुली पुढे करतो. भुकेला हस्तर बाहुलीवर झडप घालतो, आणि तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटीतून पडणाऱ्या मुद्रा विनायकाने वेचावयाच्या. एका वेळी येते ते मूठभरच. संपले की पुन्हा उतरावयाचे. येथे लोभ ही अमूर्त वृत्ती राहत नाही. तो एक धंदा होतो. त्याला हत्यारे आहेत, हातोटी आहे, शरीराची झीज आहे, आणि वारसाला शिकवून तयार करण्याची निकड आहे. १९४७ मध्ये विनायक आपल्या पांडुरंग या मुलाला या कामात जुंपतो, तेव्हा आपण एका बापाला आपला व्यवसाय मुलाच्या हाती सोपविताना पाहत असतो. आणि म्हणूनच अंगावर काटा येतो.

आणखी एक गोष्ट. चित्रपटातील शापित म्हातारी आणि पांडुरंग या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच बालनटाने केल्या आहेत. पडद्यावर हे ओळखू येत नाही. परंतु ज्याला ते ठाऊक आहे त्याला कथेचा आदि आणि अंत एकाच देहात भेटतात. अखेरीस पांडुरंग बापाच्या हातची लंगोटी नाकारतो, तेव्हा नकार देणारा देह आणि शाप भोगणारा देह एकच असतो.

४

आता जालन्याकडे वळू. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण या गावाच्या जुन्या व्यापारी वैभवातून रूढ झाली. आज या शहराचे नाव दोन मालांमुळे देशभर घेतले जाते. एक लोखंड : येथील औद्योगिक वसाहतीत भंगार विजेच्या भट्ट्यांत वितळवून बांधकामाच्या सळ्या तयार होतात. दुसरा माल बियाणे : बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात ‘महिको’ची स्थापना केली, पुढे हे गाव बियाणे उद्योगाचे एक मोठे केंद्र बनले, आणि १९९८ साली बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. धातू आणि धान्य अशी ही जोडी आहे.

‘तुंबाड’चे बहुतेक परीक्षण लोभ या एका शब्दावर थांबले आहे. परंतु जालन्यातून हा चित्रपट पाहणाऱ्याला वेगळी गोष्ट प्रथम दिसते. हस्तराजवळ सोने आहे, धान्य नाही. ज्याच्या कमरेला मुद्रांचा अखंड साठा आहे तो कणकेच्या एका बाहुलीसाठी तडफडतो. सारा व्यवहार सोन्याची किंमत पिठात मोजणारा आहे. धन आणि अन्न यांची फारकत झाली म्हणजे देवसुद्धा भुकेला राहतो, आणि त्या भुकेवर दुसरा कोणी श्रीमंत होतो, असा या कथेचा गाभा आहे. लोभ हा त्याचा केवळ एक परिणाम होय. विनायक लोभी आहे हे खरे, परंतु तो श्रीमंत होतो तो स्वतःच्या लोभाने नव्हे, तर दुसऱ्याच्या उपासमारीने. एका मूठभर पिठात सुवर्णमुद्रा विकत घेता येतात, कारण समोरचा उपाशी आहे. ज्या प्रदेशाने दुष्काळात जनावरे आणि दागिने मातीमोलाने विकली गेल्याच्या हकिगती वाडवडिलांकडून ऐकल्या आहेत, त्याला हा सौदा परका वाटत नाही.

लोभ वाईट, ही उक्ती ऐकून कोणी घाबरत नाही. ती सर्वांना मान्यच असते. उपाशी माणसाशी केलेला आपला सौदा आठवला तर मात्र माणूस दचकतो. चित्रपटाचा खरा अर्थ असा भयाच्या आत आहे, पिठाच्या वर्तुळात आहे. प्रारंभी किंवा शेवटी लटकविलेल्या सुभाषितात नाही.

५

यावर एक आक्षेप घेता येईल. ‘तुंबाड’चे भय पावसात भिजलेले आहे. देवांच्या कोपाने त्या गावावर अखंड पाऊस पडतो, आणि तो पाऊसच शापाचे दृश्य रूप आहे. कोकणात जेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो तेथे हा विभाव साहजिक आहे. परंतु जालन्यात पाऊस पडतो तो सरासरीने सातशे मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. २०१२–१३ च्या दुष्काळात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होता. शहर टँकरच्या पाण्यावर जगत होते. ज्याने आकाशाकडे डोळे लावून दिवस काढले त्याला पाऊस हा शाप कसा वाटावा?

अभिनवगुप्तांनी भयानकाच्या आस्वादाची चर्चा करताना शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की तेथे प्रेक्षकाला प्रतीत होणारे भय त्या विशिष्ट हरणाचे राहत नाही, आपले स्वतःचेही होत नाही. देश आणि काल यांच्या मर्यादा गळून पडलेले केवळ भय उरते. यालाच साधारणीकरण म्हणतात. हा सिद्धान्त मान्य केला तर आक्षेप तेथेच मिटतो. परंतु तो इतका सहज मिटू नये असे आम्हांस वाटते. देशकालाची मर्यादा गळून पडते ती कलाकृतीने देशकाल टाळल्यामुळे नव्हे, तर तो पूर्णपणे उभा केल्यामुळे. कालिदासाचे हरीणही मान वळवून मागे पाहते, अर्धवट चघळलेले गवत त्याच्या तोंडातून गळते. एवढा तपशील आहे म्हणून ते सर्वांचे होते.

‘तुंबाड’चे छायालेखक पंकज कुमार यांनी पाऊस असाच तपशिलाने उभा केला आहे. तो कोसळण्यापेक्षा मुरतो : लाकडात, भिंतीत, वस्त्रात, माणसाच्या अंगात. कोठे काही सुकत नाही, म्हणून काही नवे सुरू होत नाही. दुष्काळी प्रदेशातील प्रेक्षकाला या पावसात आपला दुष्काळच उलटा झालेला दिसतो. न थांबणारा पाऊस आणि न येणारा पाऊस यांत एक समानता आहे : दोहोंतही माणूस गाव सोडून जातो, आणि मागे राहतो तो लोभाने किंवा नाइलाजाने. साधारणीकरण येथे खरोखर घडते.

या चित्रपटाला २०१९ साली फिल्मफेअरची तीन पारितोषिके मिळाली, ती छायालेखन, कलादिग्दर्शन आणि ध्वनिरचना यांसाठी. तिन्ही यथायोग्य होती. तरी त्यांतून प्रतिष्ठेची मर्यादाही दिसते. दरबारी सन्मान कारागिरीपाशी थांबला. कथनाला आणि दिग्दर्शनाला तो पोहोचला नाही. प्रेक्षकांनी मात्र आपला निर्णय सावकाश दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न मिळविले.

६

‘लपाछपी’ची कथा वेगळ्या मातीत रुजलेली आहे. गरोदर नेहा आपल्या नवऱ्याबरोबर शहर सोडून आडगावी येते. चहूकडे उसाचे उंच फड, मध्ये एकच घर, घरात तुळसाबाई ही वृद्ध स्त्री. पूजा सावंत आणि उषा नाईक यांनी या दोन भूमिका तोलाने केल्या आहेत. फडातून मुलांचे आवाज येतात, लपाछपीचा खेळ चालतो, आणि हळूहळू कळते की या घराने मुलींचे जन्म पुसून टाकले आहेत.

उसाचा फड ही या चित्रपटाची मोठी प्राप्ती आहे. मराठी भयकल्पनेने वाडा, वड, विहीर आणि स्मशान यांपलीकडे क्वचितच पाहिले होते. फड हे आधुनिक स्थळ आहे : पाटाचे पाणी, साखर कारखाना, पतसंस्था आणि निवडणूक यांनी ते घडविले आहे. भरदिवसा त्यात चार पावलांवरचे माणूस दिसत नाही. बीड, जालना या जिल्ह्यांतून दर वर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात जातात. त्यांना फडातील भय सांगावे लागत नाही. हिरव्या समृद्धीला भयाचा विभाव बनविणे ही कल्पना दाद देण्याजोगी आहे.

परंतु अपराधाच्या मांडणीत चित्रपट कमी पडतो, आणि ही उणीव किरकोळ नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा या वयोगटात दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. बीड जिल्ह्यात ८०७. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, बीडचा हाच आकडा ८९४ होता. एका दशकातील ही घसरण कोणा अडाणी सासूने विहिरीवर नेऊन घडविलेली नव्हे. तिला सोनोग्राफीचे यंत्र लागते, दवाखाना लागतो, पदवी घेतलेला माणूस लागतो, फी लागते, आणि ती फी देऊ शकणारे सुस्थित कुटुंब लागते. म्हणूनच महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा केला, आणि १९९४ साली केंद्राचा कायदा आला. अपराधाचे स्थळ तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावातील रस्त्यावर आहे, पाटी लावून आहे. ‘लपाछपी’ने तो उचलून उसाच्या फडात, एका एकाकी घरात, एका म्हातारीच्या माथी नेऊन ठेवला. शहरातील प्रेक्षक त्यामुळे नेहाच्या जागी बसतो, म्हणजे बळीच्या जागी. अपराध्याच्या जागी त्याला बसावे लागत नाही. घरी जाताना तो त्या म्हातारीची चीड घेऊन जातो.

शिवाय शेवटाकडे चित्रपट आपला संदेश शब्दांनी सांगू लागतो. उपदेश सुरू झाला की फड नुसता फड उरतो. हा दोष कोणा एका दिग्दर्शकाचा नव्हे. भयपटाला सामाजिक उपयुक्ततेचा दाखला मागणाऱ्या आपल्या रसिकतेचाही तो आहे. दाखला मिळविण्यासाठी भयाला आपले तोंड बंद करून बोधाला बोलू द्यावे लागले.

७

या कसोटीवर ‘तुंबाड’ही पूर्णपणे उतरतो काय? त्याचा अपराध एका जुन्या घराण्यात, एका लुप्त काळात ठेवलेला आहे. स्वातंत्र्य येते, वाडा सरकारजमा होण्याची वेळ येते, मुलगा वारसा नाकारतो आणि शापाचा शेवट होतो. १९४७ ही समाप्तिरेषा प्रेक्षकाला मोकळे करते : ते सरंजामी होते, आपण नागरिक आहोत. ही सुटका थोडी स्वस्तात मिळाली आहे. ‘गेट आउट’ याच बाबतीत अधिक निष्ठुर आहे. त्यातील अपराधी हे सुशिक्षित, उदारमतवादी, हसतमुख यजमान आहेत, म्हणजे हा चित्रपट आवडीने पाहणाऱ्या वर्गाचेच सदस्य. तेथे प्रेक्षकाला आपल्या खुर्चीचे भय वाटते.

तरीही ‘तुंबाड’च्या बाजूने एक गोष्ट निर्णायक आहे. विनायक दोरावरून वर चढत असतो तेव्हा तो सुखरूप बाहेर यावा, मूठ भरलेली यावी, असे प्रेक्षकाला मनापासून वाटते. अखेरीस एकाच खेपेत सारी लंगोटी पळविण्याचा बेत बापलेक करतात, त्या वेळीही हे साधेल काय, याच हिशेबात आपण गुंतलेले असतो. हाव चुकीची आहे हे पटूनही आपण हावेच्या बाजूने बसलेलो असतो. अपराध असा बाहेरच्या कोणाचा न राहता काही क्षण पाहणाऱ्याचा होतो. कोणताही बोध न उच्चारता साधलेले हे अपराधजन्य भय आहे, आणि चित्रपटाच्या प्रतिष्ठेचे समर्थन करावयाचे तर ते याच बळावर करावे लागेल. ‘लपाछपी’त फड अधिक नवा आहे, पण हा क्षण येत नाही.

राहिला स्थळाचा प्रश्न. दोन्ही चित्रपटांनी भय शहरापासून दूर नेऊन ठेवले : एकाने कोकणात आणि भूतकाळात, दुसऱ्याने फडात. जेथे आज महाराष्ट्राचे धन प्रत्यक्ष निर्माण होते त्या औद्योगिक वसाहतीत भुताला अद्याप घर मिळालेले नाही. वास्तविक जालन्याच्या भट्टीजवळ रात्रपाळीला उभा असलेला कामगार ‘तुंबाड’मधील लालभडक उदर पाहतो तेव्हा त्याला ते काल्पनिक वाटण्याचे कारण नाही. भंगारात एखादा बंद डबा किंवा ओला तुकडा गेला तर भट्टीतील रस उसळून अंगावर येतो, हे त्याला ठाऊक आहे. उतरण्याचे तंत्र, जिवाचे मोल, मूठभर मिळकत आणि उद्या पुन्हा तेच काम, एवढे सर्व त्याच्या ओळखीचे आहे. फरक इतकाच की ‘तुंबाड’मध्ये उतरणारा आणि श्रीमंत होणारा मनुष्य एकच आहे. प्रत्यक्षात उतरतो एक आणि मुद्रा मोजतो दुसरा. ही फारकत ज्या दिवशी आपल्या भयपटाच्या दृष्टीस पडेल त्या दिवशी अपराधाचे स्थळ परक्या काळात शोधण्याची त्याला गरज उरणार नाही.

भयानकाला पंगतीत पुन्हा पान मिळाले, हे योग्यच झाले. आता त्याने यजमानाच्या मर्जीसाठी आपला स्वभाव सोडू नये, आणि समीक्षेनेही त्याच्याकडे बोधाचा दाखला मागू नये. आपण ज्याची झोप उडवितो तो अपराधी आहे की केवळ शेजारी, एवढा एक प्रश्न भयपटाने स्वतःला विचारला तरी पुरे. ‘तुंबाड’ने तो काही क्षण विचारला. ते क्षण नवी मराठी भयकल्पना जेथून पुढे जाऊ शकेल असा मैलाचा दगड आहेत, हे नमूद करून हा लेख पुरा करतो.